पुट्टी लावलेला पाषाण

माझा धंदा भोकांचा. हे वाक्य मी माझ्या लग्नाच्या बोलण्यांत मोठ्या अभिमानाने उच्चारलं होतं, आणि मुलीचे मामा हातातला कप खाली ठेवून अंगणात जाऊन उभे राहिले होते. पण खरं तेच आहे. जमिनीला भोक पाडायचं, आतला दगड कांडी-कांडीने बाहेर काढायचा, लाकडी पेटीत ओळीने मांडायचा आणि मग तोंड गंभीर करून सांगायचं की इथे धरण टिकेल की नाही, पूल उभा राहील की नाही, डोंगरातून बोगदा नेला तर छत डोक्यात पडेल की नाही. आमच्या आष्टीकडच्या माळांवर पवनचक्क्या आल्या तेव्हा त्यांच्या पायाखालचा दगड मी पाहिला. घाटातले रस्ते रुंद झाले तेव्हा दरडींखाली मान वर करून मी उभा राहिलो. आता पन्नाशी आली, मान आखडली. पण अजूनही कुठे भोक पाडायचं यंत्र घरघरताना ऐकलं की मला एका जागी बसवत नाही. उठून फेऱ्या मारायला लागतो. बायको म्हणते, "झालं, दिंद्रुडचं भूत आलं."

भूत दिंद्रुडचं नव्हे, दिंद्रुडच्या पलीकडच्या एका गावातलं. आणि ते भूत म्हणजे एक बाई, चांगली जिवंत, माझ्याहून ठणठणीत.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा फक्त रेडिओवर पडला होता. गावाबाहेरच्या ओढ्यावर साठवण तलाव बांधायचं सरकारच्या मनात आलं होतं. जागा दोन होत्या: एक या गावची, दुसरी वरच्या अंगाच्या गावची. कुठला ओढा अडवायचा हे खालचा दगड पाहून ठरणार होतं, आणि दगड पाहायला पुण्याच्या एका सल्लागार कंपनीने मला पाठवलं. मी नवाकोरा होतो. गळ्यात भिंग, डोक्याला टोपी, पायात कंपनीचे बूट. माझ्याच जिल्ह्यात मी परदेशी पाहुण्यासारखा उतरलो.

आमचं यंत्र गावात शिरलं तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. ट्रकवर तीन पायांचं लोखंडी तिकाटणं आडवं टाकलेलं, मागे पाइपांचा खणखणाट. गावाला वाटलं, बोअरची गाडी आली. मी केबिनमधून खाली उतरेपर्यंत ओढ्याच्या काठावर घागरींची रांग लागली होती. एकीने यंत्राच्या चाकाला हळदकुंकू लावलं. कुणीतरी नारळ फोडला. एवढी गर्दी, एवढी आशा, आणि त्या सगळ्यांसमोर मला ट्रकच्या फाळक्यावर चढून सांगावं लागलं, "मंडळी, आम्ही पाणी काढायला नाही आलो."

खाली एक म्हातारबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "मग भोक कावून पाडतोस बे?"

"दगड बघायला."

"दगड बघायला?" म्हातारबांनी काठीने सगळा माळ दाखवला. "हे काय पडलंय मग? पुरण व्हय?"

गर्दी हसली. मी घाईघाईने उरलेली बातमी देऊन टाकली. यंत्राचं पातं दगडात फिरताना तापतं, त्याला सतत पाणी सोडावं लागतं, म्हणजे आम्हालाच टँकर लागेल. आता कुणी हसलं नाही. घागरी खाली आल्या. म्हातारबा म्हणाले, "बगा आता. आपल्याकडं पाणी न्हाई म्हणून सरकारनं यंत्र धाडलं, आन् यंत्र म्हणतंय आदी मला पाजा."

त्या दिवशी मी मार खाऊन परतलो असतो. पण गर्दीतून एक बाई पुढे आली आणि तिने रांगेतल्या पहिल्या घागरीला पायाने बाजूला सारलं. "यंत्राला पाणी मिळंल," ती म्हणाली. "टँकरचं मी तहसिलात बोलते. तुमी घरी जावा."

लोक खरंच गेले. बाई चाळिशीची असेल. डाव्या हाताच्या करंगळीचं एक पेर नव्हतं. ऊस तोडताना गेलेलं. गावात तिला सगळे चेअरमनबाई म्हणायचे, कारण ती मजूर सहकारी संस्थेची चेअरमन होती. ही संस्था आधी तिच्या दिराची होती आणि नुसती पाटीपुरती होती. दीर राजकारणात गेला, पाटी गंजून पडली. बाईने ती उचलली, रंगवून घेतली, आणि तिच्याखाली खरोखरचे मजूर गोळा केले.

मी कुठला, कुणाचा, याची तिने चौकशी केली. आष्टीचा म्हटल्यावर तिचा चेहरा सैलावला. "मग आपलेच हाय की, भाऊ. आष्टीचं लोक बी कोयत्यावरच जातंय." आणि तिथेच, यंत्राच्या चाकाला टेकून, तिने मला तिचा सगळा डाव सांगितला.

आमच्याकडे दसरा झाला की ट्रक येतात आणि अर्धं गाव ऊसतोडीला उचलून नेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. बाईने यंदा गावाला सांगून ठेवलं होतं की मुकादमाला हो म्हणू नका. तलाव झाला तर बांधाच्या पायाचा चर आपली संस्था खोदेल, काम गावातच मिळेल. लोकांनी तिचं ऐकलं होतं. काम आलं नाही तर ट्रकही गेलेला असेल आणि वर्षही.

"आन् माझी सून पोटुशी हाय," ती म्हणाली. "माझं पोरगं फडात झालं, उसाच्या पाचटावर. नातवंडाला तरी घर पायजे."

मी मान हलवली. चोविसाव्या वर्षी माणूस मान फार सहज हलवतो.

यंत्र सुरू झालं. सुरुवातीला मुरूम निघाला, मग मांजऱ्या: आमच्या मराठवाड्यातला तो भोकाभोकांचा, हातात घेतला तर अर्धा सांडून जाणारा दगड. त्याखाली काळा पाषाण यायला लागला. एकेक कांडी नळीतून बाहेर पडायची, ओली, काळी, गुळगुळीत. मी ती पेटीच्या खणात मांडायचो आणि चेअरमनबाई रोज शेजारी उकिडवी बसून पाहायची.

मुकादमही यायचा. गॉगल लावून, मोटारसायकल लिंबाखाली उभी करून. काम त्याच्याही पोटाचंच होतं. कोयते जमले नाहीत तर कारखाना त्याला विचारणार होता. पण तोंड भारी तिखट. "काय चेअरमनबाई, दगडाचं लगीन जमलं का?"

"जमतंय. पत्रिका देईन तुमाला."

"दसऱ्याच्या आत उरका बरं. मागनं आमचा ट्रक वऱ्हाडासाठी थांबायचा न्हाई."

एका दुपारी तिने मला विचारलं की या कांड्यांमध्ये मी एवढं काय बघतो. झालं! मला कुणी असं विचारावं याची मी वाटच पाहत होतो. मी उभा राहिलो, हातवारे केले. म्हटलं, पूर्वीचे साहेब दगडावर हातोडी मारायचे आणि कान लावून आवाज ऐकायचे. आता शास्त्र पुढे गेलं. दगड किती कडक याला एवढं महत्त्व नाही. तो कुठे-कुठे मोडलेला आहे, भेगा किती जवळजवळ आहेत, त्यांतून पाणी निसटेल का, सगळा खेळ त्याचा. मग मी एक कांडी मुठीत धरली. ती मुठीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होती. "ही मोजायची. मुठीत लपते ती सोडून द्यायची. डोकावणारे लांब तुकडे जास्त, तर खडक चांगला."

"लांब तुकडं पास?"

"पास."

"बारके नापास?"

"नापास."

तिने पेट्यांकडे पाहिलं. वरच्या पेट्यांत बहुतेक चुराच होता. "आमचा दगड कसा हाय मग?"

"काठावर."

"नापास झाला तर?"

"तर साहेब वरच्या गावचा ओढा बघतील."

ती पदर खोचून उठली आणि चालायला लागली. मी समजलो, व्याख्यान संपलं. ते तर सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी टँकरच्या मागे दिंद्रुडला गेलो. पेट्या समाजमंदिरात ठेवल्या, किल्ली चेअरमनबाईकडे दिली. टँकर मिळाला नाही. तहसीलदारांनी निरोप दिला की यापुढे पाणी फक्त पिण्यासाठी. मी संध्याकाळी हात हलवत परत आलो, यंत्राच्या माणसांबरोबर भाकरी खाल्ली आणि झोपलो. सकाळी कंपनीचे मोठे साहेब जीप घेऊन पुण्याहून हजर.

मोठे साहेब म्हणजे देखणं प्रकरण. पांढऱ्या मिशा, चामड्याच्या म्यानात हातोडी. दगडाशी ते असे बोलायचे की जवळपासच्या माणसाने अदबीने बाहेर जावं. मी त्यांना आधीच फोनवर कळवलं होतं की दगड फार फुटका आहे. त्यांनी समाजमंदिरात पहिल्या पेटीचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा फुटका?"

मी वाकून पाहिलं. पेटीत काकड्या मांडल्यासारख्या लांबलचक कांड्या होत्या. परवा याच पेटीत मी बिस्किटांचा चुरा मोजून ठेवला होता! दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे काकड्या. मी पेटीचे क्रमांक पुन्हा पाहिले. माझंच अक्षर. साहेब तोपर्यंत भिंग डोळ्याला लावून गुडघ्यावर बसले होते. प्रत्येक कांडीवर आडव्या पांढुरक्या रेघा होत्या.

"अरे, बघ, बघ!" साहेबांचा आवाज घोगरा झाला. "भेग पडली, आणि निसर्गाने ती पांढऱ्या खनिजाने भरून काढली. कोट्यवधी वर्षांचं काम आहे हे. असा बुजलेला खडक मी नोकरीत क्वचित पाहिला!"

यात साहेबांचा अडाणीपणा मुळीच नव्हता. आपल्या काळ्या दगडात अशा पांढऱ्या शिरा खरोखर असतात. मीही क्षणभर डळमळलो. वाटलं, उन्हाने माझंच डोकं गेलं असावं.

चेअरमनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, आणि तिचा चेहरा मुलगा पहिला आल्यासारखा फुललेला. "पास झाला का, सायेब?"

"बाई, उत्तम खडक आहे तुमचा! अगदी वरपासून अखंड."

"मग तलाव हितंच?"

"इथेच. आणि चरही फार खोल लागणार नाही. फक्त सुरुंग लावावे लागतील. कंप्रेसर, पोकलेन. बाहेरचा ठेकेदार येईल, त्याच्याकडे सगळी यंत्रं असतात."

ती ट्रे घेऊन एक पाऊल आत आली. "आन् आमची संस्था?"

"असला दगड माणसाच्या हाताने निघत नाही, बाई. कुदळीचं काम मऊ खडकात."

मी आजवर पुष्कळ चेहरे पडताना पाहिले आहेत, पण एवढ्या उंचावरून पडलेला नाही. तिने ट्रे खाली ठेवला. पदराला हात पुसले. मग साहेबांच्या समोर येऊन म्हणाली, "मग वाईट हाय तो."

"कोण?"

"दगड. लई वाईट हाय. आमीच चिकटवलाय."

साहेब प्रेमाने हसले. खेड्यातल्या बाईला शास्त्र समजावताना माणूस हसतो तसं. "बाई, ही भेग कोट्यवधी वर्षांपूर्वी बुजलेली आहे."

"न्हाई ओ. काल दुपारच्याला."

"अहो, हे खनिज आहे."

"पुट्टी हाय, सायेब!"

आणि तिने साहेबांच्या हातातली कांडी काढून घेतली, समाजमंदिराच्या उंबऱ्यावर एकदाच आपटली. कट! कांडी बरोबर पांढऱ्या रेघेवर दुभंगली. आतल्या तोंडावर, मऊ असताना दाबलेल्या पुट्टीत, एका अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. रेषान् रेषा दिसत होती. साहेबांनी भिंग लावून तोही पाहिला. सवय, दुसरं काय.

प्रकार असा झाला होता. नळयोजनेच्या पाइपांचे जोड बुजवायला आणलेली पुट्टी, ती दोन रंगांची, एकत्र मळून लावायची असते ती, ग्रामपंचायतीत खोकाभर पडून होती. नळाला पाणीच नव्हतं, तर गळणार काय? संस्थेच्या बायकांनी काल दुपारभर ती भाकरीच्या पिठासारखी मळली आणि बारक्या तुकड्यांचे लांब तुकडे केले. नुसते केले नाहीत, चांगले गुळगुळीत करून वरून काळ्या मातीचं बोट फिरवलं. फक्त रेघा थोड्या उघड्या राहिल्या. "दगड चांगला पायजे म्हणालता न्हवं तुमी?" ती माझ्याकडे वळली. "चांगला म्हंजे आमच्या कामाचा, असं समजले मी. चांगला म्हंजे ठेकेदाराच्या कामाचा, हे मला ठावं न्हवतं."

विहीर खोदणारा ज्याला चांगला म्हणतो त्यातून पाणी झिरपतं. तलाव बांधणाऱ्याच्या चांगल्यातून थेंब जाता कामा नये. पाथरवटाला घडवता येईल असा लागतो आणि कुदळ मारणारीला कुदळ शिरेल असा. त्या गावात आम्ही सगळे गेले कित्येक दिवस एकच शब्द वापरत होतो आणि प्रत्येकाचा दगड वेगळा होता.

साहेबांना हसू आलं नाही. बरोबरच होतं. "कुठल्या खोलीचा तुकडा कुठे जोडलात?"

"जे जुळलं ते जोडलं."

म्हणजे वरचा मांजऱ्या आणि खालचा पाषाण एकमेकांच्या गळ्यात! खाली घट्ट खडक कुठे लागतो, लागतो की नाही, हेच कळायचा मार्ग बंद झाला होता. नवं भोक पाडायला पाणी नव्हतं. साहेबांनी हातोडी म्यानात घातली. "वरच्या गावची जागा सुचवतो मी. इथला एकही तुकडा मला विश्वासाचा वाटत नाही." ते जीपकडे चालू लागले. चेअरमनबाई त्यांच्या मागे, मी तिच्या मागे, आणि लिंबाखालून मुकादम, "मोडलं का लगीन?"

जीपचं दार साहेबांच्या हातात असताना मला एक गोष्ट आठवली, आणि मी ती जरा चढवून, मान लववून, राजदरबारात फिर्याद मांडावी तशी मांडली. "साहेब, तुकडे खोटे असतील. भोक तर खरं आहे! गेल्या महिन्यात आपणच भाषणात सांगितलं होतं, आता भोकात कॅमेरा सोडता येतो. भिंती तर कुणी पुट्टीने लिंपल्या नाहीत ना?"

साहेबांनी चेअरमनबाईकडे संशयाने पाहिलं. "लिंपल्या का?"

"हात पुरत न्हाई ओ, सायेब."

तेव्हा मात्र त्यांच्या मिशा हलल्या. त्यांच्या ओळखीच्या एका कॉलेजात तसला कॅमेरा होता. फोन झाले. कॅमेरा येईल, पण कधी ते नक्की नाही. साहेब म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबतो, नंतर अहवाल जाईल.

ते दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मी ओढ्यात इकडून तिकडे चालायचो, चेअरमनबाई तिकडून इकडे. मधे भेट झाली की ती विचारायची, "आली का जीप?" आणि मी म्हणायचो, "न्हाई." माझी भाषा आपोआप घरची झाली होती. भोकाच्या तोंडावर तिने पत्रा टाकून वर दगड ठेवला होता, आणि दिवसभर कुणा ना कुणाला तिथे बसवत होती, न जाणो कुणी पोराने गोटी टाकली तर. गावात कुजबुज सुरू झाली होती. काहींनी गुपचूप पेटारे बांधायला घेतले. तिच्या स्वतःच्या मुलानेही मुकादमाला शब्द दिल्याचं तिच्या कानावर आलं. ती त्याच्याशी भांडली नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

जीप दसऱ्याच्या आदल्या दिवशी भर दुपारी आली. कॅमेरा म्हणजे हातभर लांबीची नळी, टोकाला दिवा. भोकात आम्ही ओतलेलं पाणी बरंचसं पसार झालेलं, तळाशी उरलेलं निवळलेलं. नळी भोकात सुर्रकन उतरायला लागली. पण उन्हात लॅपटॉपच्या पडद्यावर काही दिसेना. म्हातारबांनी अंगावरचं घोंगडं काढून दिलं. त्या घोंगड्याखाली, आश्विनाच्या उन्हात, मोठे साहेब, मी आणि चेअरमनबाई अशी तीन डोकी, घामाने निथळत, एकमेकांना चिकटून. बाहेर सगळं गाव.

पडद्यावर भोकाची भिंत पोळीसारखी उलगडून सपाट दिसत होती. तिरकी भेग असली की तिची लाट व्हायची.

"हे साडीच्या काठावानी काय हाय?" चेअरमनबाईने विचारलं.

"भेगा," साहेब म्हणाले. "प्रत्येक लाट म्हणजे एक भेग."

वर नुसत्या लाटाच लाटा. मांजऱ्याची भोकं. मग एक तांबडा पट्टा आला, ओला गेरू फासल्यासारखा. साहेब पुटपुटले, हा तर पेटीत दिसलाच नव्हता. यंत्राच्या पाण्याने धुऊन गेला असणार. त्याखाली अजून थोड्या लाटा. आणि मग काळं. नुसतं काळं, स्वच्छ, नळी पार तळाला टेकेपर्यंत.

घोंगड्याखाली कुणी श्वास घेत नव्हतं, हवाच नव्हती म्हणा.

"इथून खाली एकही भेग नाही," साहेब म्हणाले. "पाणी इथे थांबेल."

"आन् वर?"

"वर चाळण आहे. ती सगळी काढावी लागेल. चर या काळ्या दगडापर्यंत न्यावा लागेल."

"सुरुंगानं?"

"छे. याला सुरुंग लावला तर खालचा चांगला दगडही तडकेल. कुदळ, पहार, फावडं. पण बाई, चर फार खोल होईल. खूप काम आहे."

चेअरमनबाईने घोंगडं डोक्यावरून भिरकावून दिलं. म्हातारबांनी पहिला प्रश्न विचारला, "चांगला निघाला का वाईट?"

साहेब आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. मग मीच ओरडलो, "वर वाईट हाय, खाली चांगला हाय!"

"म्हंजे आपल्या सरपंचाच्या उलट," म्हातारबा म्हणाले, आणि ओढ्यात एवढा हशा झाला की सरपंचांच्या कानावर जाईल म्हणून साहेबांनी मला घाईघाईने हसणं आवरायची खूण केली.

पण हशाने पोट भरत नाही आणि ट्रकही थांबत नाही. साहेब त्याच संध्याकाळी पुण्याला गेले. अहवाल जायचा होता, मंजुरी यायची होती, संस्थेच्या नावाने कामाचा कागद निघायचा होता. आणि दसरा होऊन दुसरी सकाळ उजाडते तोच मुकादमाचा ट्रक वेशीत येऊन उभा राहिला. काही पेटारे आधीच चढले होते. त्यांत चेअरमनबाईच्या मुलाचाही होता. सून पेटाऱ्यावर बसलेली, पोटावर हात. मुलगा आईकडे न बघता दोर बांधत होता.

"कागद दाव," मुकादम म्हणाला. बाईला नव्हे, मला. "कागद असंल तर मी आत्ता रिकामा ट्रक वळवतो."

कागद नव्हता. मी म्हटलं, "दगड मी डोळ्यांनी पाहिलाय."

"दगड कारखान्याला दाखवू का मी?"

त्याचं चुकत नव्हतं. चेअरमनबाई ट्रकच्या फाळक्यापाशी गेली. मला वाटलं, आता ही सुनेला उतर म्हणणार, मुलगा चिडणार, तमाशा होणार. ती फक्त वर बघत म्हणाली, "मी बी तुज्यासारखीच बसले व्हते. कुणी उतर म्हणलं न्हाई मला. आन् म्हणलं असतं तरी, कागद नसताना, उतरले असते का न्हाई, मला ठावं न्हाई. तुजं तू बग."

सून पेटाऱ्यावर बसल्या बसल्या वळली. मग तिने नवऱ्याला विचारलं, "त्या भोकात काय दिसलं म्हणलं आत्यानं?"

"मला काय ठावं? मी न्हवतो घोंगड्यात."

"म्या बी न्हवते. आत्या व्हत्या." ती उठली, पेटारा उचलला आणि ट्रकवरून सरळ खाली टाकला. भांड्यांचा खळखळाट झाला. मग फाळक्याला धरून, सावकाश, स्वतः उतरली.

नवरा वरच राहिला, हातात दोर. त्याला अजून यायचं नव्हतं. पण मुकादमाने गॉगल कपाळावर घेतला आणि कंटाळून म्हणाला, "तू बी उतर बे. अर्धा कोयता घेऊन काय करू?"

तो उतरला. त्याच्यामागे आणखी काही पेटारे उतरले, काही नाही उतरले. ट्रक गेला, जेवढे कोयते होते तेवढे घेऊन. धूळ बसायच्या आधी चेअरमनबाई माझ्याकडे वळली. मला वाटलं, डोळे पुसेल, भाऊ म्हणेल. ती म्हणाली, "तुमी हितं काय बगत बसलात? जावा! कागद आणा!"

मी गेलो. पुढचे दीड महिने मी पुणे, बीड, पुन्हा पुणे अशा एसटीने इतक्या फेऱ्या मारल्या की माजलगाव स्टँडवरचा चहावाला मला विनाकारण साहेब म्हणायला लागला. साहेबांनी अहवाल लिहिला, मी तो पोहोचवला; खात्याने शंका काढली, मी तीही पोहोचवली. प्रत्येक टेबलावर मला तो न आलेला कागद आणि ती खाली टाकलेली भांडी दिसायची. शेवटी दिवाळी उलटल्यावर कागद निघाला, आणि मी तो शर्टाच्या आत घालून गावात नेला. त्या दिवशी अमावस्या होती. लोक म्हणाले, उद्या सुरू करू. चेअरमनबाईने कागद वाचला, घडी केली, ब्लाऊजमध्ये खोचला आणि कुदळ उचलली. "अमावस्येला पोटाला भूक लागत न्हाई व्हय?" म्हणाली, आणि ओढ्याकडे चालती झाली. तिच्यामागे सगळी संस्था.

भूमिपूजनाला पुढारी आले ते पुढच्या आठवड्यात. मंडप, लाउडस्पीकर, सतरंजी सगळं आलं. पण पहिली कुदळ मारायला जमीनच उरली नव्हती. चर माणसाच्या छातीएवढा खोल गेलेला. समारंभाला आलेल्या मोठ्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मग शेवटच्या क्षणी मजुरांनी चराच्या एका टोकाला दोन-चार घमेली माती परत लोटली, वर रांगोळी घातली, आणि पुढाऱ्यांना तिथे उभं केलं. घरी सुनेला कळा सुरू झाल्याचा निरोप चेअरमनबाईला त्याच वेळी आला होता. सुईण पोहोचली होती. बाई एका पायावर उभी होती, तरी जागची हलली नाही.

पुढाऱ्यांनी कुदळ मारली. मऊच माती ती, पार दांड्यापर्यंत शिरली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. ते कुदळ तिथेच सोडून हात झटकणार, एवढ्यात चेअरमनबाई पुढे झाली.

"थांबू नका, दादा," ती म्हणाली. "ही माती तुमच्यासाठीच घातलीय. तेवडी तुमीच काडा, म्हंजे मला घरी जाता येतंय."

आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, सगळ्या गावासमोर, ते वाकले आणि खरंच काढायला लागले. ती मात्र तोपर्यंत अर्ध्या वाटेवर पोहोचली होती, पळत.